एडनाबायच्या ओट्याखालचे पेंग्विन

पेंग्विन बघायला बर्फ लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण परत आल्यापासून आमच्या वसईच्या पापडीत जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, "टीचर, थंडी किती होती?" थंडी कसली डोंबलाची! मी घामाने निथळत होते, माझे केस खाऱ्या वाऱ्याने ताठ झाले होते आणि समोरून पेंग्विन चालत येत होते. खरेखुरे. माझ्याकडे. आताही लिहिताना मला बसल्या जागी उडी मारावीशी वाटते आहे.

गेली वीसेक वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी फळ्यावर पेंग्विन काढते आणि त्याच्या पायाखाली न चुकता बर्फ काढते. पक्षी असून उडत नाही, पंखांनी पोहतो, हे घोकून घेते. वर्गातला एकजण तरी म्हणतोच, "टीचर, हा आपल्या फादरांसारखा दिसतो," आणि मी रागावल्याचं नाटक करते. पण मी स्वतः पेंग्विन पाहिला होता कुठे? मला त्याचा नुसता ध्यास लागला होता. म्हणून आमची मुलगी ग्रेसी, जी मेलबर्नला नर्स आहे, तिने तिकिटं पाठवली तेव्हा मी तिला उलट टपाली एवढंच विचारलं, की तुझ्याकडून पेंग्विन किती लांब?

आमच्यात नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, पण लिहिताना 'आमचे हे, आमचे हे' करत बसले तर वाचणाऱ्याला वीट येईल, तेव्हा सरळ पास्कल लिहिते. पास्कल वाडीवाले. केळी, पानवेल आणि थोडा मोगरा. वाडी सोडून ते वसईबाहेर दोन रात्री राहिलेले मला आठवत नाहीत. त्यांचं म्हणणं, "पेंग्विन बघायला एवढ्या लांब कशाला गो? आपल्याकडं बगळे कमी हायत?" (घरी आम्ही जी बोली बोलतो ती तशीच लिहिली तर वांद्र्याच्या पुढे कोणाला कळायची नाही, म्हणून जरा सोपी करून लिहिते आहे.) शेवटी दिरांनी केळीला पाणी द्यायचं कबूल केलं आणि आम्ही निघालो.

विमानतळावरची सुकेळी

विमानाचं काही सांगत नाही. बसलो, अवघडलो, उतरलो. खरी गंमत मेलबर्नच्या विमानतळावर झाली.

तिथला अंमलदार अर्धी चड्डी आणि गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून उभा. आमच्या गावात या वेषात फक्त फुटबॉल खेळतात. त्याने पास्कलची बॅग उघडली आणि सुक्या बोंबलांचा असा काही दरवळ सुटला, की मागची सगळी रांग मान वळवून पाहू लागली. बोंबील गेले टोपलीत. त्यांच्या खाली केळीच्या सुक्या सोपटात बांधलेली सुकेळी होती. आमच्या वाडीतली राजेळी केळी पास्कलनी स्वतः उन्हात सुकवलेली, लेकीसाठी. अंमलदाराने तीही उचलली. बाहेरचं फळ, पान, काही म्हणजे काही त्या देशात आणायचं नाही, त्यातून रोग येतात.

"फेकनार? माझ्या हातची सुकेळी फेकनार?" पास्कलनी एक पुडा त्याच्या हातातून ओढला आणि तिथेच, टेबलापाशी उभ्याउभ्या खायला सुरुवात केली. एक मलाही दिलं. एक त्या अंमलदारापुढे धरलं. त्याने मान हलवली, पण हसू काही त्याला आवरेना. उरलेली टोपलीत गेली, तेव्हा पास्कलनी तिकडे असं पाहिलं की जणू घरचं कोणी दफन करायला दिलं.

दुसऱ्या दिवशी नाताळ. भर उन्हाळ्यातला नाताळ! चर्चमध्ये पंखे गरगरत होते, लोक बिनबाह्यांच्या कपड्यांत आले होते आणि बाहेर दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ चिकटवलेला. मी मनात म्हटलं, म्हणजे नसलेला बर्फ काढणारी जगात मी एकटी नाही.

बेट

फिलिप बेट मेलबर्नच्या दक्षिणेला, मोटारीने दोनेक तासांवर. मध्ये पूल आहे, होडीची गरज नाही. बेट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे अर्नाळा आलं होतं, ताडमाड आणि किल्ला. हे तसलं नाही. बोडकी टेकाडं, गुडघाभर राठ गवत आणि वारा असा की पास्कलची टोपी गाडीतून उतरल्याबरोबर गेली, ती आम्ही तिघांनी पाठलाग करून पकडली.

आमचा मुक्काम एडना नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडे होता. ग्रेसीने इस्पितळात त्यांची शुश्रूषा केली होती, तेव्हापासून दोघींचं गूळपीठ. सत्तरीच्या, काटकुळ्या, डोक्यावर गवती टोपी, पायात रबरी बूट. पास्कलनी पाच मिनिटांत त्यांची एडनाबाय करून टाकली आणि त्याही त्या नावाला ओ देऊ लागल्या. घर लाकडाचं, खांबांवर उभं, पुढे ऐसपैस ओटा आणि ओट्यावर लांबलचक बाकडं. बाकडं काय, घर काय, सगळं त्यांच्या नवऱ्याने, हॅरीने, स्वतःच्या हातांनी बांधलेलं. हॅरी जाऊन काही वर्षं झाली होती.

ओट्यावर पाय ठेवला आणि मी थबकले. खालून वास येत होता, आमच्या पाचूबंदरला बोंबील वाळत घालतात तिथला, थेट तोच.

"घरचा वास आला!" पास्कल खूश.

एडनाबायनी ओट्याखाली बोट दाखवलं. तिथे मातीत एक बीळ होतं. आत पेंग्विनचं पिल्लू आहे, आईबाप दिवसभर समुद्रात असतात, अंधारायला लागलं की येतात. मी ओणवी झाले, मग गुडघ्यांवर बसले, मग साडीसकट आडवी झाले. आत काळोखात काहीतरी करडं, केसाळ, गुबगुबीत हललं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी शाळेत कुठल्याही मुलाला काढू दिला नसता.

चहाच्या वेळी मात्र खरी गोष्ट कळली. बेटाच्या या टोकाला पूर्वी पुष्कळ घरं होती. घरं आली तशा गाड्या आल्या, कुत्री-मांजरं आली. पेंग्विन रात्री रस्ता ओलांडताना गाड्यांखाली जायचे, उरलेल्यांवर कोल्हे टपलेले. पेंग्विन कमी होत चालले, तेव्हा सरकारने ठरवलं की इथली सगळी घरं विकत घ्यायची, पाडायची आणि जागा पेंग्विनना परत द्यायची. बरेच शेजारी घरं देऊन गेले होते. एडनाबायनी अजून होकार दिला नव्हता. परवा सकाळी तिथली एक अधिकारी मुलगी उत्तर विचारायला येणार होती.

"हॅरीचं घर आहे," त्या म्हणाल्या, "आणि पेंग्विनही माझेच आहेत. मला झोप लागत नाही."

ग्रेसीने हे मराठीत सांगताच पास्कल उभेच राहिले. तुम्हाला ठाऊकच आहे आपल्याकडे काय चाललं आहे. नालासोपाऱ्याच्या बाजूने इमारतींचं वारं सुटलंय आणि महिन्याआड कोणीतरी नकाशाची गुंडाळी घेऊन आमच्या वाडीच्या बांधावर उभा राहतो. पास्कल त्याला पाणीसुद्धा विचारत नाहीत.

"तिला सांग, नाय द्यायची! एकदा जागा गेली का गेली," पास्कल म्हणाले. "आपल्याकडं वाड्या तोडून घरं बांधतात. हितं घरं तोडून पाखरं ठेवतात. जगात कोन शहाना उरलाय का नाय?"

एडनाबायना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी पास्कलचा हात दोन्ही हातांत धरला. झाला त्यांचा पक्ष. मी अर्थातच पेंग्विनच्या बाजूने. "तुम्ही पक्षी पाहायच्या आधीच त्यांच्या विरोधात कसे?" मी विचारलं. ते म्हणाले, पाखरांना अख्खा समुद्र पडलाय. मी म्हटलं, समुद्रात अंडी घालता येत नाहीत, ती जमिनीवरच घालावी लागतात, सातवीच्या पुस्तकात आहे. ते म्हणाले, मग सातवीतल्यांना सांग. ग्रेसी चहाचे कप उचलून आत निघून गेली.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर

तिथे किनाऱ्यावर माणसांना बसायला लाकडी पायऱ्या आहेत. शेकडो माणसं, पोरंबाळं, थर्मास, चादरी. आपल्याकडच्या जत्रेत असते तितकीच गर्दी, फक्त सगळे गप्प. पेंग्विन बुजतात म्हणून बोलायचं नाही, फोटोचा झगमगाट करायचा नाही.

सूर्य गेला. समुद्र शिसवी झाला. लाटा येत होत्या, जात होत्या, काहीच घडत नव्हतं आणि पास्कल माझ्या कानात म्हणाले, "बगळे दिसले असते आतापातूर."

तेवढ्यात फेसातून काहीतरी उभं राहिलं. एक, मग पाच-सहा. थरथरत्या उजेडात पांढरी पोटं. ते उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं, एक समुद्रपक्षी डोक्यावरून गेला तसे सगळे धडपडत परत पाण्यात! पुन्हा आले, पुन्हा पळाले. आमच्याकडे फर्स्ट कम्युनियनच्या दिवशी चर्चच्या दारात मुलं करतात तसंच, पहिलं कोण जाणार यावरून ढकलाढकली. मग एकाने धीर केला आणि सगळी टोळी, पंख बाजूला धरून, पुढे वाकून, वाळूवरून दुडूदुडू धावत सुटली.

मी उभी राहिले. मागच्या बाईंनी पदर ओढून खाली बसवलं. मी पुन्हा उभी राहिले. हसत होते की रडत होते, मलाच कळेना. वीस वर्षं फळ्यावर काढलेलं ते समोरून चालत आलं होतं आणि ते इतकं छोटं होतं!

"हे एवढंसं?" पास्कल म्हणाले. "आपल्या बदकाएवढं बी नाय."

खरंच, टाचेपासून गुडघ्याएवढे. पेंग्विनांतले सगळ्यांत छोटे. काळेही नाहीत, निळे! पाठ निळसर करडी, वरून पाहणाऱ्याला समुद्रासारखी दिसावी म्हणून. पोट पांढरं, खालून पाहणाऱ्या माशाला ते आभाळ वाटावं म्हणून. शेपटीपाशी तेलाची गाठ असते, चोचीने ते तेल पिसांना चोळत बसतात, म्हणून पाणी आत शिरत नाही. माझ्या पायाजवळून, हातभरावरून, एकजण गेला. पोट इतकं भरलेलं की डावी-उजवीकडे झुलत होतं. त्या पोटात पिल्लाची शिदोरी होती, गिळून आणलेली. प्रत्येकाचं बीळ ठरलेलं, वाट ठरलेली. कोणी कोणाच्या घरात शिरत नव्हतं.

परतताना मी गाडीत अखंड बोलत होते. ग्रेसीने गाडी अगदी गोगलगायीच्या चालीने हाकली, कारण वाटेत पेंग्विन होते.

डालगं

दुसरी संध्याकाळ. आता जे सांगते ते आमच्या वसईच्याच माणसाच्या हातून होऊ शकतं.

आपल्याकडे सांजेची घंटा झाली की घरोघरी काय करतात? कोंबड्या डालतात. डालगं उपडं घालायचं, वर दगड ठेवायचा, म्हणजे मुंगूस आणि बोका दोघांचीही सोय बंद. मग हातपाय धुऊन माळेच्या प्रार्थनेला बसायचं. पास्कलनी हे आयुष्यभर केलंय. हात आपोआप चालतो.

आम्ही आत प्रार्थनेची तयारी करत होतो. पास्कल ओट्यावर गेले. पिल्लू भुकेने बिळातून बाहेर येऊन बसलं होतं आणि गवतात एक मांजर दबा धरून होतं. पास्कलनी मांजराला हाकललं, एडनाबायची कपडे धुवायची वेताची टोपली उचलली, पिल्लावर उपडी घातली, वर वीट ठेवली, हात धुतले आणि निवांत मनाने येऊन गुडघे टेकले. आम्हाला काही पत्ता नाही.

माळेच्या पाच रहस्यांपैकी दुसरं म्हणणं चालू होतं तोवर बाहेर कोणीतरी गाढव ओरडावं तसा आवाज आला. एडनाबाय ताडकन उठल्या. पेंग्विन आपल्या घरी आल्याची वर्दी अशी देतात. पण आवाज थांबेना. पेंग्विन उजेडाला बुजू नयेत म्हणून लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन आम्ही बाहेर आलो, आणि पाहतो तर टोपलीत पिल्लू किंचाळतंय, बाहेर आई किंवा बाप, कोण ते देव जाणे, टोपलीभोवती फेऱ्या मारतंय, वेतावर चोच आपटतंय, थांबून ओरडतंय, पुन्हा फेरी.

"कोणी केलं हे?" एडनाबायनी विचारलं. भाषांतराची गरज पडली नाही. पास्कलचा चेहरा वाचता येत होता.

एडनाबाय कुजबुजल्या, की हल्ली मासे लांब गेलेत, दोन दिवसांनी आज कोणीतरी परत आलंय. आज खाणं चुकलं तर पिल्लू कमजोर होईल. आणि तेवढ्यात तो मोठा पेंग्विन वळला आणि गवताकडे, समुद्राच्या दिशेने, चालू लागला.

पास्कल चार पायांवर रांगत खाली उतरले. मी लग्नापासून त्यांना असं रांगताना पाहिलं नव्हतं. वीट बाजूला, टोपली बाजूला. पिल्लाने एकच किंकाळी फोडली, पेंग्विन गर्रकन वळला, धावत आला आणि वाटेत आडवा आलेला पास्कलचा अंगठा त्याने कडकडून धरला. धरला तो सोडेना! ओरडले असते तर पिल्लू घाबरून पळालं असतं. पास्कलनी दुसरा हात स्वतःच्या तोंडावर दाबला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग पेंग्विनला पिल्लू आठवलं असावं. अंगठा सुटला. पिल्लाने चोच सरळ त्याच्या घशात घातली आणि गटागटा जेवायला लागलं.

आणि आम्ही हसलो! आवाज करायचा नाही म्हणून तोंडात पदर, तोंडात टोपी, ग्रेसी खांबाला धरून गदागदा हलतेय, एडनाबाय हॅरीच्या बाकड्यावर आडव्या. पास्कल गवतात बसून अंगठा चोखत होते. "बोका होता," ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "खरंच बोका होता."

हसू ओसरल्यावर एडनाबाय बराच वेळ पिल्लाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या पहिल्याच उन्हाळ्यात हॅरीच्या गाडीखाली एक आला होता. त्यानंतर अंधार पडला की हॅरी गाडी रस्त्याच्या टोकाला ठेवून चालत यायचा. पावसातसुद्धा. बाकीचे कोणी चालत आले नाहीत. माझ्यानंतर या घरात जो येईल तोही नाही येणार." मग त्यांनी ग्रेसीला सांगितलं, "उद्या मी हो म्हणणार आहे."

ग्रेसी पास्कलचा अंगठा बांधत होती. तिने मराठीत सांगितलं, तसा त्यांनी हात काढून घेतला आणि अर्धवट पट्टीसकट आत निघून गेले. मला आनंद व्हायला हवा होता. माझा पक्ष जिंकला होता. पण मला त्या म्हातारीकडे बघवेना.

बाकडं

अधिकारी मुलगी सकाळी आली. खाकी कपडे, उन्हाने सोललेलं नाक. एडनाबायनी होकार दिला, मुलीने त्यांना मिठी मारली. हा उन्हाळा संपेपर्यंत त्या राहू शकत होत्या. पास्कल ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसले होते, लग्नाचं आमंत्रण न आलेल्या मामासारखे.

"घराच्या जागी काय करणार?" एडनाबायनी विचारलं. मुलगी म्हणाली, गवत आणि झुडपं लावणार, पण ती रुजून बिळं होईपर्यंत वेळ जाईल, तोवर आम्ही लाकडी पेट्या ठेवतो. पेंग्विन त्यांत घर करतात.

एडनाबायनी बाकड्यावरून हात फिरवला. "हे लाकूड चालेल?"

मुलीने फळ्या ठोकून पाहिल्या. चालेल म्हणाली. एडनाबाय आतून पेचकस घेऊन आल्या आणि पहिल्या स्क्रूशी झटू लागल्या. संधिवाताने वाकडी झालेली बोटं, वर्षानुवर्षांचा गंज. पेचकस घसरला, पुन्हा घसरला. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही.

पास्कल पाठ करून बसले होते खरे, पण कान काही पाठीमागे ठेवता येत नाहीत. तिसऱ्यांदा घसरल्याचा आवाज आला तसे ते उठले.

"सरक गो एडनाबाय," ते म्हणाले आणि दुखऱ्या अंगठ्याने पेचकस धरला.

दुपारभर ते दोघे काम करत होते. ते इंग्रजीत बोलत नव्हते, त्या मराठीत बोलत नव्हत्या, आणि दोघांचं अखंड बोलणं चाललं होतं. मुलीने मापं दिली होती, आत शिरायला बोगद्यासारखं तोंड, वर उचलता येईल असं छप्पर. पास्कलनी प्रत्येक कड घासून गुळगुळीत केली, पिसं अडकायला नकोत म्हणून. वाडीला कुंपण घालताना घेत नाहीत एवढी काळजी! ओट्यापासून लांब, झुडपाच्या सावलीत ती पेटी मातीत अर्धी पुरून ठेवली.

आमची शेवटची संध्याकाळ. बाकडं नव्हतं, म्हणून आम्ही पायरीवर दाटीवाटीने बसलो. ओट्याखालच्या पिल्लाच्या घरचं माणूस आलं, पेटीकडे ढुंकूनही न पाहता आपल्या बिळाकडे गेलं. पास्कलचा चेहरा पडला. मग आणखी एक पेंग्विन आला. सडपातळ, एकटा, कोणाची शिदोरी पोटात नसलेला. तो पेटीपुढे थांबला. मान तिरकी करून आत पाहिलं. आत गेला. बाहेर आला. पुन्हा आत गेला. मग तो दारात उभा राहिला, छाती फुगवली, पंख पसरले आणि आभाळाकडे चोच करून इतक्या भसाड्या आवाजात ओरडायला लागला, की मी दोन्ही कान झाकले.

"ह्याला काय झालं?" पास्कलनी विचारलं.

हे मला ठाऊक होतं. "नर आहे. त्याला घर मिळालं, आता तो बायकोला बोलावतोय. घर नसलं तर कोणी येत नाही."

एडनाबाय हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ग्रेसीचा हात धरून त्या काहीतरी म्हणाल्या. ग्रेसीने ते मराठीत सांगितलं.

"पप्पा, ती म्हणतेय, हॅरीनेपण असंच केलं होतं. आधी हे घर बांधलं. मग या दारात उभा राहून, येणार का म्हणून, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडला. त्याचा आवाजसुद्धा असाच होता म्हणे."

पायरीवर जागा नव्हती, तरी पास्कल सरकून एडनाबायच्या शेजारी जाऊन बसले, आणि झुडपातला तो नवा घरवाला घसा बसेपर्यंत ओरडत होता तोवर दोघंही तिथून हलले नाहीत.